पापणीवरचं अंडं

१

हिवाळा सरता सरता आत्याबाईंच्या कोंबड्या आठवड्याभरात मेल्या. रोग सगळ्या गल्लीवरून फिरला होता, त्यामुळे कुणाला बोल लावायचीही सोय नव्हती. बाकीच्या बायकांनी दोन दिवस हळहळ केली आणि त्या कामाला लागल्या. आत्याबाईंनी मात्र भिंतीकडे तोंड केलं आणि पडून राहिल्या.

फवकिया आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. बय्यूमीची आई लवकर गेली, त्याला यांनीच वाढवलं. लग्न होऊन फय्यूमहून इथे नाईलच्या डेल्टात आल्या, तेव्हा खजुराच्या फोकांच्या खुराड्यात आईकडच्या कोंबड्या घेऊन आल्या होत्या. ठिपकेदार, चपळ, काळ्याभोर डोळ्यांच्या आणि स्वभावाने थेट आत्याबाईंसारख्या, कुणाला अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत. पुढे यजमान गेले, मूलबाळ झालं नाही, पण गच्चीवर त्या कोंबड्यांची पिढीमागून पिढी चालू राहिली. आता गच्ची ओस पडली होती आणि आत्याबाईंना अर्धी भाकरी जात नव्हती. डॉक्टर तपासून म्हणाला, "दुखणं काही नाही." दुखणं नसलेलं माणूस असं डोळ्यांदेखत वाळताना बघवत नाही. मला तर रडूच यायचं.

उरली होती ती टोपलीभर अंडी, रोगाच्या तोंडावर गोळा केलेली. अंडी फार दिवस वाट बघत नाहीत. आणि त्यांच्यावर बसवायला गल्लीत एक खुडूक कोंबडी जिवंत नव्हती.

"मशीन आणू," मी बय्यूमीला म्हटलं. "तांता शहरात मिळतं. घरात वापरायचं, लहानसं."

"कोंबडीचं काम आता वीज करणार," तो म्हणाला. "उद्या मला म्हणशील, अबू रगब, तुझं कामही विजेलाच देते."

"ती निदान वेळेवर येते तरी."

"आपल्याकडे? कधीपासून?" असं म्हणून त्याने चपला घातल्या आणि संध्याकाळी खोकं घेऊन आला.

२

मशीन मागच्या खोलीत ठेवायचं ठरलं. तिथे खिडकी एकच आणि तीही लहान, वाऱ्याचा त्रास नाही. शिवाय त्या खोलीची एक भिंत म्हणजे जुन्या उबवणभट्टीची भिंत, हातभर जाड मातीची. पूर्वी आसपासच्या सगळ्या गावांची अंडी त्या भट्टीत उबवायला यायची. माझ्या लग्नाआधीच ती बंद पडली आणि तिचं दार विटांनी चिणलं गेलं. भिंत जाड असली की खोली लवकर तापत नाही, लवकर निवतही नाही. मी एवढाच विचार केला होता.

मशीन म्हणजे पिवळ्या प्लास्टिकचं डबडं. वर पारदर्शक झाकण, आत पंखा, तापणारी तार, पाण्याची पन्हळ आणि दर्शनी बाजूला लाल आकडे.

"कालव्यावरचे पंप माझा आवाज ऐकून सुरू होतात," बय्यूमी म्हणाला. पंपांची दुरुस्ती हा त्याचा धंदा आहे. "हे तर पोरांचं खेळणं."

"पंपात आत्याबाईंचा जीव नसतो," मी म्हटलं, "म्हणून आधी रिकामं चालवून बघायचं."

मुलींच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी मदतनीस आहे. बाटल्या लावणं, काचा धुणं, मुलींनी फोडलेलं गोळा करणं हे माझं काम. तिथला पाऱ्याचा थर्मामीटर मी रीतसर सांगून घरी आणला आणि मशीनमध्ये आडवा ठेवला. लाल आकडे म्हणत होते सगळं ठीक आहे. पारा म्हणत होता, अजून थंड आहे. दोघांतलं खोटं कोण? बर्फ कुटून पाण्यात घातला आणि थर्मामीटर त्यात बुडवला. पारा बरोबर शून्यावर येऊन उभा राहिला. म्हणजे मशीनच थापा मारत होतं. झाकण काढून पाहिलं तर उष्णता मोजणारा मणी नेमका तापणाऱ्या तारेला टेकलेला. स्वतःला ऊब मिळाली की जगाला मिळाली असं समजणारी माणसं असतात, त्यातलाच प्रकार. बय्यूमीने तो मणी दोऱ्याने खाली, अंड्यांच्या पातळीला बांधला. मग झाकणाला आतून घाम यायला लागला, तेव्हा पाणी कमी केलं आणि हवेचं भोक अर्धं उघडलं. दुसऱ्या दिवशी पारा आणि आकडे एक बोलू लागले.

अंड्यांवर पेन्सिलीने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे फिरवताना चूक नको. किती अंडी ठेवली ते मोजलं नाही. मोजली की नजर लागते असं इथे मानतात. मी मानत नाही, पण मोजली नाहीत.

आत्याबाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. "डब्यातून कधी कोंबडी निघते का," एवढंच म्हणाल्या.

३

रोज सकाळी, दुपारी आणि झोपायच्या आधी अंडी फिरवायची, हा माझा नेम झाला. फुली खाली, गोल वर. गोल खाली, फुली वर. पंख्याची बारीक घरघर, पाण्याचा दमट वास. शाळेतून आले की आधी त्या खोलीत जायचं, मग चहा.

एका सकाळी कडेच्या अंड्यावर काळी रेघ दिसली. बारीक, किंचित वाकडी, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना विरत गेलेली. बोटाने पुसली तर तेलकट लागली आणि काजळीचा वास आला. पंख्याचं ग्रीस, मी म्हटलं. बय्यूमीने पंखा सोडवून पाहिला. पंखा नव्या नवरीसारखा स्वच्छ.

"तुझ्या डोळ्यातलं काजळ असेल," तो म्हणाला.

"मी काजळ घालते? गेल्या पंधरा वर्षांत बघितलंयस का माझ्याकडे कधी?"

तो हसला. पण खरंच घरात काजळ कुणाकडेच नाही. माझे डोळे चुरचुरतात, म्हणून मी सोडलं. आत्याबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरने बंद केलंय. आमचा मुलगा रगब, ज्याच्या नावावरून मला उम्म रगब आणि बय्यूमीला अबू रगब म्हणतात, तो सैन्यात, इस्माइलियाला.

त्या दिवसापासून मी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. दुसऱ्या सकाळी आणखी काही अंड्यांवर रेघा होत्या. सगळ्या सारख्याच मापाच्या.

मी भ्यायले का? तेव्हा नाही. मी चिडले. भित्र्या माणसाला भूत दिसतं, चिडक्याला चोर. मी उंदराची बिळं शोधली. भिंतीला कान लावला. भिंत गार होती आणि पलीकडे काही नव्हतं. जुन्या भट्टीतली काजळी भेगांतून झिरपत असेल, पंखा ती ओढून घेत असेल, असं मी ठरवून टाकलं. काजळी नेमकी अंड्यावरच आणि नेमकी वाकडी रेघ होऊन कशी बसते, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मग लक्षात आलं की रेघा एकाच कोपऱ्यातल्या अंड्यांवर आहेत. थर्मामीटर त्या कोपऱ्यात सरकवला तर पारा चांगलाच उतरला. वारा तिथे पोचतच नव्हता. ती अंडी मी मध्ये घेतली, पंख्याची दिशा बय्यूमीकडून बदलून घेतली, आणि रेघा उमटायच्या थांबल्या.

पुढच्या आठवड्यात एकाच अंड्यावर दोन रेघा दिसल्या, एकीवर एक, दाबून उमटवल्यासारख्या. ते अंडं टॉर्चवर धरून पाहिलं. बाकीच्यांत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये हलणारा ठिपका दिसायचा. यात नुसतं गढूळ पाणी होतं. परसात नेऊन ठेवलं तर ते तिथेच फुटलं आणि शेजारणींनी नाकाला पदर लावले. मशीनमध्ये फुटलं असतं तर सगळी घाण झाली असती.

त्या दिवशी मात्र मी भ्यायले. वाईट करणाऱ्याला पकडता येतं. हे जे कोण होतं, ते आमचं भलं करत होतं.

४

मी आत्याबाईंकडे गेले. एक रेघ न पुसता ठेवली होती, ते अंडं रुमालात धरून नेलं.

"आत्याबाई, हे बघता का जरा?"

"नको. दाखवू नकोस मला."

"अंडं जिवंत आहे. पण त्यावर हे काय आहे, सांगा."

तेव्हा त्या वळल्या. अंडं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि अंगठा त्या रेघेजवळ नेऊन थांबवला, लावला नाही.

"पापणीला लावून बघितलंय," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"भट्टीतली माणसं थर्मामीटर कुठून आणणार? हात कामाने राठ होतो, त्याला कळत नाही. पापणीची कातडी पातळ. अंडं मिटल्या डोळ्याला लावायचं. चटका बसला तर जास्त, गार लागलं तर कमी. आणि धुराने डोळे जातात, म्हणून ती माणसं काजळ घालायची. पुरुषसुद्धा."

"पण आता कुणी लावलं?"

"मला काय विचारतेस? मी तर अंथरुणात पडलेय." त्यांनी अंडं परत दिलं. "ऊब निघून जाईल, ठेव जा आधी."

मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला, "आणि येताना भाकरी आण. थोडं खारं चीजही असू दे."

ते ऐकून मला इतका आनंद झाला की खोलीच्या कुलपात किल्ली दोनदा उलटी घातली. आनंदाने, असं मी तेव्हा धरून चालले.

५

खमासीनचं, वाळवंटातून धूळ घेऊन येणारं वारं सुटलं तो शुक्रवार होता. सकाळपासून आकाश हळदीसारखं झालं, घराघरांतून दारं लावल्याचे आवाज आले, आणि दुपारच्या नमाजानंतर वीज गेली.

वीज नेहमीच जाते आणि येते. त्या दिवशी आली नाही. पंखा थांबल्यावर खोली इतकी शांत झाली की मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. बय्यूमी तोंडाला फडकं बांधून जनरेटर मागायला निघाला.

"तोवर काय करशील?"

"पाणी तापवते. तू जा, बोलत उभा राहू नकोस."

गॅसवर पाणी तापवून मी बाटल्या भरल्या, फडक्यात गुंडाळून अंड्यांभोवती लावल्या, वर घोंगडी टाकली. बाटल्या जास्त गरम झाल्या तरी आतले जीव मरणार, निवल्या तरी मरणार. थर्मामीटर बघायला उचलला आणि ओल्या हातातून निसटला. फरशीवर काच आणि पाऱ्याच्या गोळ्या. मी खाली बसले आणि चांगली रडले. शाळेच्या थर्मामीटरसाठी नाही. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या पाठीसाठी. हे गेलं तर ती पाठ आता पुन्हा वळणार नव्हती.

मग पदराने डोळे पुसले आणि एक अंडं उचलून डाव्या पापणीला लावलं.

गार होतं. बाटल्या बदलल्या. थोड्या वेळाने पुन्हा लावलं. आता बरं वाटलं, पण बरं म्हणजे किती? मला कुठे सवय होती? खिडकीतून पिवळा उजेड येत होता, धूळ फटींतून आत येऊन हवेत तरंगत होती. मी डोळे मिटले आणि दुसरं अंडं पापणीला टेकवलं.

पलीकडून कुणीतरी ते टेकवून धरलं.

हलकासा दाब. अंडं माझ्या चिमटीत होतं, त्याचं एक टोक माझ्या पापणीवर, आणि दुसऱ्या टोकावर तेवढाच मऊ, तेवढाच जपून दिलेला दाब. माझ्या बोटांच्या टोकांना काहीतरी लागलं. केसांसारखं, बारीक. ते एकदा मिटलं.

अंडं सोडावं, पळावं, असं अंगातलं सगळं रक्त सांगत होतं. पण सोडलं असतं तर ते फुटलं असतं.

मी उजवा डोळा किंचित उघडला. अंड्यापलीकडे, विताच्याही आत, एक मिटलेली पापणी होती. म्हातारी, सुरकुतलेली, काजळ घातलेली, आणि आपल्या कामात अगदी गढलेली. तिच्याभोवती चेहरा असायला हवा होता. तिथे नुसती धूळ होती.

मी डोळा घट्ट मिटून घेतला.

"जास्त झालंय का?" मी विचारलं.

दाब उठला. मी चाचपडत एक बाटली काढली. अंडं ठेवलं, दुसरं उचललं, पापणीला लावलं. पलीकडून पुन्हा दाब आला, या खेपेला तसाच राहिला. म्हणजे ठीक. पुढचं. दाब उठला की बाटली दूर सारायची, राहिला की पुढे जायचं. किती वेळ चाललं होतं कोण जाणे. बाटल्या निवल्या की मी भिंत धरून, डोळे खाली ठेवून स्वयंपाकघरात जायची, पाणी तापवायची आणि परत यायची. परत येताना दर वेळी उंबऱ्यावर पाय अडायचा. दर वेळी मी आत जायची.

भीती वाटत होती, फार वाटत होती. पण हेही खरं की एवढ्या दिवसांत प्रथमच मला त्या कामात कुणाची तरी सोबत वाटली.

बय्यूमी जनरेटर घेऊन आला तेव्हा पंखा सुरू झाला आणि मी डोळे उघडले. खोलीत मी एकटी होते.

"काय गं हे?" तो म्हणाला आणि आपल्या रुमालाने माझी बोटं पुसायला लागला. दाही बोटांची टोकं काळी झाली होती.

६

शेवटचे काही दिवस अंडी फिरवायची नसतात आणि झाकणही उघडायचं नसतं. तेवढे दिवस मी खोलीच्या उंबऱ्यावरूनच बघत राहिले. मग एका सकाळी टकटक सुरू झाली. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा आत्याबाई भिंत धरत, स्वतःच्या पायांनी मागच्या खोलीत आल्या. बय्यूमी हात द्यायला पुढे झाला तर म्हणाल्या, "बाजूला हो. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, आणि म्हातारी झोपली म्हणून मरत नाही."

संध्याकाळपर्यंत मशीन पिल्लांनी भरलं. ओली, वाकडीतिकडी, मग सुकून फुललेली, पाठीवर आत्ताच ठिपके दाखवणारी. आत्याबाईंचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या. मी जमिनीवर चादर पसरली, बय्यूमीने झाकण काढलं, आणि आम्ही पिल्लं खाली सोडली.

आत्याबाई खाली बसल्या, ओच्यात भरडलेला मका घेतला आणि हाक घातली, "तुक तुक तुक, या माझ्या बायांनो."

एकही पिल्लू आलं नाही.

सगळी उलट्या दिशेने धावली, भट्टीच्या भिंतीकडे. भिंतीजवळ एका जागी त्यांनी गोल कोंडाळं केलं, कुणाच्या तरी पायांशी करावं तसं, आणि माना वर करून ती बघत राहिली. जिकडे बघत होती तिथे उभ्या माणसाचं तोंड आलं असतं. तिथे काही नव्हतं.

बय्यूमीने "बिस्मिल्ला" म्हटलं आणि तो एक पाऊल मागे सरला.

आत्याबाईंनी पुन्हा हाक घातली. पिल्लांनी वळूनही पाहिलं नाही. आत्याबाईंचा चेहरा पुन्हा तसाच मिटत चाललेला मला दिसला, आणि मी पिल्लं उचलायला पुढे झाले. त्यांनी माझं मनगट पकडलं. इतकी ताकद त्यांच्यात शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं.

"हात लावू नकोस. फुकटात कोण कुणाची अंडी उबवतो?" त्या म्हणाल्या. मग त्या भिंतीकडे, त्या रिकाम्या जागेकडे बघून बोलल्या, बाजारात बोलतात तशा, स्पष्ट. "रीत मला ठाऊक आहे. तीन अंड्यांना दोन पिल्लं मालकाची, तिसरं भट्टीचं. तुझी तू ठेव. माझी मला दे."

पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग कोंडाळ्यातून एक पिल्लू मागे वळलं. मग दुसरं. मग घोळक्याने धावत आली, चादरीवर अडखळत, आत्याबाईंच्या ओच्यात, बाहीत, मांडीवर. आत्याबाई रडत हसत होत्या आणि एकेकीला शिव्या घालत होत्या.

काही पिल्लं भिंतीपाशीच राहिली. वर बघत, शांत.

"आत्या, या इथे मांजर शिरेल," बय्यूमी हळूच म्हणाला. "ही पण घेऊ ना."

"तो वाटा आहे. चल बाहेर."

आम्ही दार ओढून घेतलं. कुलूप लावलं नाही. सकाळी खोली रिकामी होती. पीस नाही, रक्ताचा थेंब नाही, भिंतीला कुठे भेगही नाही. बय्यूमी म्हणाला, उंदीर. मी म्हटलं, असेल.

७

आता उन्हाळा भरात आलाय. गच्चीवर ठिपकेदार कोंबड्या माझ्या टाचांना चोची मारतात आणि आत्याबाई मला शब्दांनी. अख्खी भाकरी खातात आणि मी मीठ कमी घालते म्हणून सगळ्या गल्लीला सांगतात. मशीन पुसून कपाटावर ठेवलंय. खोलीत मी कामापुरती जाते, दिवसा, आणि जाताना सलाम म्हणते. माझं म्हणणं बदललेलं नाही, मी असल्या गोष्टी मानत नाही. पण सलाम म्हणायला काय लागतं?

गेल्या महिन्यात आमच्या तरण्या कोंबड्याला कंठ फुटला. तो पहाटे आरवतो, आणि लगेच खालून, चिणलेल्या दारामागून, तसंच आरवणं येतं. जरा दबलेलं, मातीतून आल्यासारखं.

"प्रतिध्वनी," बय्यूमी म्हणतो.

मीही हो म्हणते. फक्त एखाद्या सकाळी खालचा आधी आरवतो आणि मग आमचा.

आज तसंच झालं. मी अंथरुणात ताठ झाले. वर गच्चीवर आत्याबाई केव्हाच्या उठून दाणे टाकत होत्या. त्या थांबल्या. मग कठड्यावरून वाकून त्यांनी मला मोठ्याने हाक मारली.

"उम्म रगब, ऐकलंस ना? तिकडचीही जगली गं!"